बाईसाहेबांची शाळा

बाईसाहेब सात वर्षांच्या होत्या आणि दुसऱ्याने सांगितलेलं त्यांना सहसा पटत नसे. मोजे उलटे घालायचे ठरले की उलटेच. पाव खायचा तर आधी चारी कडा, मग मधलं मऊ, आणि तेही खिडकीपाशी उभं राहून. डॉक्टरांनी कागदावर ‘स्वमग्नता’ असं लिहून दिलं होतं. तो कागद आईच्या फायलीत होता. ‘बाईसाहेब’ हे नाव मामाने दिलं होतं आणि घरात तेच चालत होतं.

मामाचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. दिवसभर लोकांच्या डोक्याची निगा राखणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र कानांच्या वर दोन झालरी तेवढ्या उरल्या होत्या. “बाकीचे दुसऱ्यांचे हाल बघून पळाले,” असं तो गिऱ्हाइकांना सांगे. पण बाईसाहेबांचे केस कापू शकणारा तो या जगातला एकमेव माणूस होता. आधी कंगवा त्यांच्या हातात द्यायचा. मग कात्री समोर धरून हवेत एकदा चक् करून दाखवायची. मग एकेक चक् मोजत पन्नासपर्यंत जायचं. पन्नासला थांबायचं. एक बट राहिली असली तरी थांबायचं.

बाईसाहेब बोलत कमी. जे बोलत त्यातलं निम्मं सलूनमधून उचललेलं. एक डोकं आटोपलं की मामा कापड झटकून बाकाकडे बघत म्हणे, “पुढचं कोण?” त्यावरून बाईसाहेबांनी आपला अर्थ लावला होता की एखादी गोष्ट संपली, म्हणजे असं म्हणायचं असतं. दूध संपलं, पुढचं कोण? आंघोळ झाली, पुढचं कोण? एकदा शेजारच्या काकू दीड तास बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्या समोर जाऊन उभं राहून बाईसाहेबांनी हेच विचारलं. काकू अजून त्या दिवसाची आठवण काढतात.

तर एका गुरुवारी दुपारी ताई सलूनमध्ये आली आणि रिकाम्या खुर्चीत बसली. ताई म्हणजे बाईसाहेबांची आई. दोन गल्ल्या सोडून चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. काम फार नेटकं. तिने पर्समधून पत्र काढून भावापुढे धरलं. शाळेने लिहिलं होतं की, आपल्या पाल्याच्या गरजा लक्षात घेता पुढील वर्षासाठी अधिक योग्य संस्थेचा विचार व्हावा.

मामाने दोनदा वाचलं. “म्हणजे काढलं का तिला?”

“काढलं नाही. वर्ष संपेपर्यंत मुदत दिलीय.”

“फारच सभ्य भाषेत काढलंय.”

ताई हसली नाही. भावोजी जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला होते, त्यांना घरी यायला अजून चार महिने होते. मामाने कापड घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलं. “सोमवारी माझं दुकान बंद असतं,” तो म्हणाला. “सोमवारी तू रजा टाक. तिघं जाऊ. एकेक शाळा बघून काढू.”

ताईने तयारी केली ती आपल्या स्वभावाला धरून. एका वहीत सतरा प्रश्न लिहिले, प्रत्येकापुढे चौकट आखली. वर्गात मुलं किती, शिक्षक किती, त्यांचं प्रशिक्षण काय, बोलायला शिकवणारं कुणी आहे का, जिना की लिफ्ट. मामाने वही चाळली आणि म्हणाला, “यात पास होईल अशी शाळा सोड, जावईसुद्धा मिळायचा नाही.”

पण पहिलीच शाळा पास झाली. काचेची दारं, मऊ जमीन, एका खोलीत नळीतून वर जाणारे रंगीत बुडबुडे, दुसरीत झोपाळा. मामाचे डोळे दिपले. मुख्याध्यापिकांनी त्यांना बैठकीच्या खोलीत नेलं आणि पडद्यावर चित्रं दाखवत पन्नास मिनिटं माहिती दिली. ताई विचारत होती, त्या उत्तरं देत होत्या, चौकटी भरत होत्या. बाईसाहेब गालिच्यावर पालथ्या पडून टेबलाच्या पायाचं चाक फिरवत होत्या. पन्नास मिनिटांत त्यांच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही, हे मामाच्या ध्यानात आलं. चित्रांमधली मुलं मात्र फार छान हसत होती.

निघताना मुख्याध्यापिका मागून आल्या आणि “किती गोड आहे!” म्हणत त्यांनी बाईसाहेबांच्या डोक्यावर हात ठेवला. बाईसाहेबांनी अशी किंकाळी फोडली की बाहेरची स्वागतिका उठून उभी राहिली. मामाने डोळे मिटले. मागून, न सांगता, डोक्याला हात लावायचा नाही, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं पथ्य होतं. तो शिकाऊ पोरांना कात्री धरायच्या आधी हे शिकवी.

“पुढचं कोण?” बाईसाहेब दाराशी जाऊन म्हणाल्या.

बसमध्ये ताईने वही उघडली. “सतरापैकी सतरा, छोट्या.” मामा बेचाळीस वर्षांचा होता, पण ताईला तो छोट्याच.

“एक प्रश्न राहिला.”

“कुठला?”

“ते मलाही नीट सांगता येत नाही. पण राहिला.”

“तू केस कापतोस तेच बरं,” ताई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. पण घरी गेल्यावर तिने त्या शाळेचा अर्ज भरायला घेतला नाही, नुसता टेबलावर ठेवला.

पुढच्या सोमवारी दुसरी शाळा. ही जवळची, साधी, सगळ्या मुलांची. मुख्याध्यापक म्हातारे आणि मनाने अगदी लोण्यासारखे. त्यांनी बाईसाहेबांना बिस्किट देऊ केलं, बाईसाहेबांनी ते आधी हुंगलं, मग चारी बाजूंनी कुरतडलं. “आमचं दार सगळ्यांना उघडं आहे,” ते म्हणाले. “ती मागच्या बाकावर बसेल. आमची काही तक्रार नाही.”

“आणि बसून काय करेल?” मामाने विचारलं.

मुख्याध्यापकांनी खरोखर विचार केला. माणूस प्रामाणिक होता. “बसेल,” ते म्हणाले.

ताईने वही तिथेच मिटली.

तिसरी शाळा शांत होती. इथली बरीच मुलं चाकांच्या खुर्चीत होती, काही गाद्यांवर पडून खिडकीत टांगलेले रंगीत कागद बघत होती. कुणी ओरडत नव्हतं, कुणाची घाई नव्हती. ताईला ती शांतता इतकी आवडली की तिने पहिल्याच प्रश्नाला वही बाजूला ठेवली आणि सरळ विचारलं, “घ्याल का हिला?”

तिथल्या शिक्षिकेने बाईसाहेबांकडे बराच वेळ पाहिलं. बाईसाहेब नळाखाली हात धरून थेंब मोजत होत्या. “घेईन,” ती म्हणाली, “पण घेऊ नये. दोन महिन्यांत कंटाळेल. तिच्या हातांना काम पाहिजे, आमच्याकडे तसं काम नाही.” तिने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. “इथे जाऊन बघा. आणि एक सांगू? तिथे तासभर बोलू नका. तासभर बसा.”

बसथांब्यावर ताईचा धीर सुटला. “तीन झाल्या. एक तिला नको, एक मला नको, आणि एकीला ती नको.”

“स्थळं बघताना तुझ्या लग्नाच्या वेळी सात झाली होती,” मामा म्हणाला. “आठवतंय ना? सातव्याला भावोजी आले. तेही पाहुणे म्हणून, दुसऱ्याच मुलाबरोबर.”

ताईला हसू आवरलं नाही. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली, तरी ती हसतच होती.

चौथी शाळा सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. जिना अरुंद, पाटीवरचं एक अक्षर उडालेलं. वर एकच मोठी खोली, आणि खोलीच्या मधोमध एक भला मोठा टब. त्याभोवती नऊ मुलं. त्यांच्यात एक उंच बाई कोपरापर्यंत बाह्या वर करून उभ्या होत्या.

“या. हात ओले आहेत, म्हणून नमस्कार तोंडीच घ्या,” त्या म्हणाल्या. “खुर्च्या त्या बाजूला. हे आटोपेपर्यंत मी तुमच्याशी बोलणार नाही.”

ताईच्या भुवया वर गेल्या, पण तिसऱ्या शाळेतलं सांगणं आठवून ती गप्प बसली. टबात रद्दी कागदाचा लगदा होता. जाळी लावलेली लाकडी चौकट त्यात बुडवायची, आडवी धरून उचलायची, पाणी गळू द्यायचं. जाळीवर लगद्याचा पातळ थर राहतो, तो कापडावर उलटा करून वाळवला की कागद. भिंतीला दोरीवर असे कितीतरी कागद लटकत होते, काही फाटके, काही जाडे, एकावर पाच बोटांचा ठसा.

बाईसाहेब कोपऱ्यातल्या एका टेबलाखाली गेल्या. ताई उठायला लागली, मामाने तिचा पदर धरून तिला बसवलं. खोलीत कुणी ‘बाहेर ये’ म्हटलं नाही. जाड चष्म्याची एक मुलगी तेवढी खाली वाकली, “तिथे गार लागतं,” एवढं सांगून परत रांगेत गेली. “तिच्या चष्म्याची डावी काडी वाकलीय,” ताई कुजबुजली. मामा मुलांची डोकी बघत होता. निम्म्यांचे केस एका बाजूला नीट आणि दुसरीकडे उंदराने खाल्ल्यासारखे. त्याच्या लगेच लक्षात आलं. हे झोपेत कापलेले केस. जी बाजू उशीवर, ती राहिली. त्या घरांमध्ये कात्री पाहून काय कल्लोळ होत असेल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

वीस मिनिटं गेली. मग टेबलाखालून आवाज आला.

“पुढचं कोण?”

ताईने सुस्कारा सोडून पर्स उचलली. मामाही उठला. आटोपलं बाईसाहेबांचं, चला.

पण टबाशी उभ्या असलेल्या बाईंना हे सगळं काय ठाऊक? त्यांना कुणीतरी प्रश्न विचारला, त्यांनी उत्तर दिलं. “आता हा. याच्यानंतर तुझा नंबर. रांग त्या खांबापाशी संपते.”

टेबलाखालून आधी एक डोकं बाहेर आलं. मग बाईसाहेब बाहेर आल्या, खांबापाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. रांगेत! ताई पर्स छातीशी धरून होती तशीच उभी.

बाईसाहेबांचा नंबर आला. बाईंनी आधी आपले दोन्ही ओले तळवे त्यांच्या समोर धरले, नीट दिसतील असे. “मी चौकटीची ही बाजू धरते. चालेल?” आणि थांबल्या. मामाने मनात मोजलं, पंधरापर्यंत. तेवढ्या वेळात बाई बोलल्या नाहीत, हसल्या नाहीत, घाई केली नाही. मग बाईसाहेबांनी चौकटीची दुसरी बाजू धरली.

चौकट बुडाली, वर आली. पाणी गळायला लागलं, आधी धार, मग थेंब. बाईसाहेबांनी शेवटचा थेंब पडेपर्यंत डोळे हलवले नाहीत. मागचा मुलगा पाय आपटत म्हणाला, “लवकर!”

“तुझ्या वेळी आम्ही थांबलो होतो,” बाई म्हणाल्या.

शेवटचा थेंब पडला. कापडावर कागद उमटला. बाईसाहेबांनी रिकामी चौकट उचलली, वळल्या, आणि ती त्या मुलाच्या हातात देत म्हणाल्या, “पुढचं कोण?”

“मी!” तो ओरडला.

मामाने रुमाल काढला. लगद्याचा वास डोळ्यांना झोंबतो, असं त्याने ताईला सांगितलं. ताईने ते ऐकलंही नाही.

नंतर बाई हात पुसत आल्या, तेव्हा ताईने सवयीने वही उघडली. “शिक्षक किती?”

“अडीच.”

“अडीच?”

“तिसऱ्या बाई दुपारनंतरच येतात.”

“लिफ्ट?”

“तुम्ही जिन्यानेच आलात.”

“मुलांना शांत करायला वेगळी खोली?”

“ते टेबल आहे. तुमच्या मुलीने शोधलं आपलं आपण.”

सतरापैकी सहा. बाईंनी सांगितलं, जागा एक आहे, आठवडाभर मुलीला येऊ द्या, मग आधी ती ठरवेल, मग मी, आणि शेवटी तुम्ही. जिना उतरताना बाईसाहेबांनी कठड्याला मिठी मारून मोठा आकांत केला. सायकल दुरुस्तीवाला पान्हा हातात घेऊन बाहेर आला.

त्या संध्याकाळी भावोजींचा फोन लागला. मागे इंजिनाची घरघर. ताईने सगळं सांगितलं, काचेच्या दारांचे सतरा, चौथीचे सहा, दोन बस बदलाव्या लागतात तेही. “आणि निघताना खूप रडली.”

“का? कुणी ओरडलं?”

“नाही. तिला निघायचं नव्हतं.”

 भावोजी म्हणाले, “मग तू मला काय विचारते आहेस?”

आठवडा सुरू झाला. पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, सलूनमधला फोन वाजला. डोळे तपासताना ताईला फोन घेता येत नसे, म्हणून दुसरा नंबर मामाचा दिला होता. मामाच्या खुर्चीत एक वकीलसाहेब होते, एका गालावर अजून फेस.

“बाईसाहेब आज फार रडताहेत,” शाळेतल्या बाई म्हणाल्या. घरातलं नाव एव्हाना शाळेतही पोहोचलं होतं. मागे रडणं ऐकू येतच होतं.

 जुन्या शाळेतून असे फोन येत, ते कसे संपत हे त्याला पाठ होतं. “निघतोच,” तो म्हणाला. “लगेच घेऊन जातो तिला.”

“न्यायला कशाला येताय? मी विचारायला फोन केलाय. घरी रडल्या की तुम्ही काय करता?”

मामा शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. “कंगवा द्यायचा हातात,” तो म्हणाला. “आणि मोजायचं. सावकाश. पन्नासपर्यंत. दुसरं काही बोलायचं नाही.”

“कंगवा आहे. मोजते.” फोन ठेवला गेला.

मामाने वस्तरा उचलला, परत खाली ठेवला आणि फोनकडे बघत राहिला. वकीलसाहेब आरशातून बघत होते. फेस वाळायला लागला. दहा मिनिटांनी परत घंटी.

“छत्तीसला थांबल्या,” बाई म्हणाल्या. “आता चौकट धरलीय.”

“थांबल्या!” मामा ओरडला. “छत्तीसला!”

“कोण थांबलं?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“बाईसाहेब.”

“कुठल्या बाईसाहेब?”

“आमच्या,” मामा म्हणाला, आणि उरलेला गाल त्याने इतक्या प्रेमाने केला की वकीलसाहेब तेव्हापासून दुसरीकडे जातच नाहीत.

ते गेल्याबरोबर मामा दुकान तसंच उघडं टाकून चष्म्याच्या दुकानात धावला. ताई एका आजींच्या डोळ्यांपुढे भिंग धरून विचारत होती, “आता बरं दिसतंय, की मघाशी?” मामाने दारातूनच सगळं सांगितलं. ताईने भिंग खाली घेतलं.

“न्यायला नाही बोलावलं?”

“नाही. विचारायला.”

“विचारायला,” ताई म्हणाली. तिने स्वतःचा चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. आजी म्हणाल्या, “बाळ, तूच आधी तपासून घे डोळे.” मग तिघंही हसली.

आठवड्याच्या शेवटी बाईंनी ठरवलं, ताईने ठरवलं, बाईसाहेबांनी तर कधीच ठरवलं होतं. मामाने बाईंना केसांविषयी सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मी कधीपासून असा माणूस शोधतेय.” तेव्हापासून महिन्यातल्या एका सोमवारी तो कात्री घेऊन जातो. प्रत्येक डोक्याची रीत वेगळी. एकाला गुणगुणलेलं लागतं, एकाला आधी मामाच्या झालरीवर कात्री चालवून दाखवावी लागते. त्यामुळे मामाच्या झालरीही आता संपत आल्या आहेत.

पहिली सत्र-सुट्टी लागली, आठ दिवसांची. सुट्टीतल्या सोमवारी सकाळी सातलाच ताईचा फोन आला. “छोट्या, ही बूट घालून दाराशी बसलीय. शाळा बंद आहे म्हणून दहा वेळा सांगितलं. मला दुकानात जायचंय. तूच ये.”

मामाने कॅलेंडर दाखवलं, चित्र काढून दाखवलं, समजूत घातली. बाईसाहेबांनी दप्तर पाठीला लावलं आणि त्याचं बोट धरून ओढलं. शेवटी दोन बस बदलून दोघं शाळेत पोहोचले. जिन्याच्या दाराला कुलूप. बाईसाहेबांनी कुलूप हातात घेऊन नीट पाहिलं, खाली सोडलं आणि समाधानाने पायरीवर बसल्या.

पायरीवर आधीच कुणीतरी होतं. रांगेत “लवकर!” म्हणणारा तो मुलगा, दप्तर पाठीला लावलेलं. शेजारी त्याचे वडील, पावाची गाडी चालवणारे, अंगावर अजून कामाचा कोट.

“तुमचीही?” त्यांनी विचारलं.

“आमचीही,” मामा म्हणाला. “तुम्ही कधीचे आलात?”

“आज पाऊण तास झाला. शनिवारीही आलो होतो.”

सायकल दुरुस्तीवाल्याने आतून दोन स्टुलं आणून ठेवली. “आणखी एक आजी येऊन गेल्या, चष्मेवाल्या पोरीला घेऊन,” तो म्हणाला. “मी बाईंना सांगणार आहे, सुट्टी देऊ नका, माझं काम होत नाही.”

दोघं पुरुष स्टुलांवर बसले. मुलगा आणि बाईसाहेब पायरीवर मधे हातभर जागा ठेवून बसले होते, एकमेकांकडे न बघता, आणि दोघंही खूश होते. मुलाने पाय हलवले की बाईसाहेब हलवत. थोड्या वेळाने त्या हलवत आणि मग मुलगा. पावाच्या गाडीवाल्यांनी कोटाच्या खिशातून एक ताजा पाव काढून दोन तुकडे केले. बाईसाहेबांनी आपल्या तुकड्याच्या कडा आधी खाल्ल्या. मुलगा हे टक लावून बघत राहिला आणि मग त्यानेही तसंच केलं.

“उद्या?” गाडीवाल्यांनी विचारलं.

“उद्या माझं दुकान उघडं असतं,” मामा म्हणाला. मग पायरीकडे एकदा बघून म्हणाला, “पण उशिरा, दहाला उघडेन. तुम्ही किती वाजता येता?”